जिन, रूळ आणि एकास अठ्ठेचाळीस : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

वाचनालयाच्या वरच्या खोलीतलं टेबल अखेर मिळालं. ८ फूट बाय ४ फूट, एक पाय लंगडा. दिवाळीपर्यंत यावर शकुंतलेचं, म्हणजे वऱ्हाडातल्या जुन्या नॅरोगेज गाडीचं, एक स्टेशन आणि त्याला लागून असलेलं जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, थोडक्यात जिन) यांचं मॉडेल उभं करायचं आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरचं कुठलंही एकच स्टेशन नाही. कारंजा–दारव्हा पट्ट्यात जसं असायचं तसं. फलाट म्हणावा इतका उंच नसलेला फलाट, कडुलिंब, एक साइडिंग, कुंपण आणि कुंपणापलीकडे जिनाचं आवार.

प्रमाण १:४८ घेतलं. टेबलावर खरी जागा ३८४ फूट बाय १९२ फूट येते. जिनाचं आवार यात कोंबावंच लागेल. गंमत म्हणून हिशेब केला : याच प्रमाणात मूर्तिजापूर ते यवतमाळ सगळी ११३ किलोमीटर लाइन करायची तर २.३५ किलोमीटर रूळ लागतील. म्हणजे वाचनालयापासून बसस्टँडच्याही पुढे. भाचा लगेच तयार झाला, त्याला आवरलं.

कामाची वाटणी : रूळ, डबे, इंजिन भाच्याकडे. इमारती, माणसं, माल माझ्याकडे.

१६ जून

रूळ आले. नॅरोगेज २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ४८ ने भागलं तर १५.९. बाजारात तयार मिळतात ते १६.५ चे. सहा दशांश मिलिमीटरचा फरक. भाच्याला झोप लागली नाही म्हणे. मी म्हटलं, ज्या मार्गावर गँगमनने आयुष्यभर चावी ठोकून रूळ जागेवर आणले, तिथे अर्धा मिलिमीटर चालेल.

खडी म्हणून नदीची वाळू चाळून टाकली. डिंक पातळ झाल्याने वाळू वाहून गेली. पुन्हा टाकली.

भाच्याचा प्रश्न : "मामा, साल कोणतं?" मी म्हटलं, जुना काळ. त्याने तोंड वाकडं केलं. बरोबरच आहे, पण तूर्त तरी तसंच राहू दे.

३० जून

निवृत्त फायरमनकाकांकडे दुपार गेली. सुरुवात क्लीनर म्हणून, मग फायरमन. वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला थांबलं तोवर ते त्याच इंजिनावर. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं, १९२३ पासून धावणारं झेड-डी इंजिन. सत्तर वर्षं एकाच रुळावर चाललेलं यंत्र हे वाचायला भारी वाटतं. काकांच्या तोंडून ऐकलं की वेगळं वाटतं. त्यांच्या लेखी ते कौतुकाचं नाही, रोजच्या कटकटीचं होतं. गाडी सुटायच्या कितीतरी आधी पहाटे भट्टी पेटवायची. राख काढायची, तीही गरम. पाण्याची काच बघत राहायचं. वाफ कमी पडली तर ड्रायव्हर बोलतो आणि जास्त झाली तरी तोच बोलतो.

"उन्हाळ्यात भट्टीचं दार उघडलं की समोरून आग आणि मागून वैशाखाचा वारा. मधे आपण भाकरीसारखे," असं म्हणाले.

डबे जोडणं-सोडणं, सिग्नल, तिकीट सगळं मोजकीच माणसं करायची. फाटकावर माणूस नसला तर गाडी थांबवायची, उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे घ्यायची, पुन्हा उतरून फाटक उघडायचं. शहरातल्या लोकांना याचं हसू येतं. काका हसले नाहीत.

मग त्यांनी लोखंडी पेटी उघडली. नेमणुकीचं पत्र, बढतीचं पत्र, रजेचे अर्ज, पास, डोळे तपासल्याचा दाखला, पेन्शनची ऑर्डर. १९१० मध्ये किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडे राहिली आणि गाडी चालवायची मध्य रेल्वे. मालकी कोणाचीही असो, माणसाचा कागद मात्र पक्का. काकांनी किती दिवस रजा घेतली तेसुद्धा आज सांगता येईल.

निघताना विचारलं, शेजारच्या जिनात कोण कामाला होतं, माहीत आहे का? म्हणाले, "बाया होत्या. चाळीस-पन्नास तरी. नावं काय माहीत असणार? संध्याकाळी सुटल्या की सगळ्या पांढऱ्या दिसायच्या. केस, भुवया, सगळं."

१४ जुलै

जिनाची मुख्य इमारत झाली. पत्र्याचं छप्पर उचलता येतं, आतलं दिसावं म्हणून. दोन ओळींत सहा-सहा रेचे, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं. खऱ्या जिनात याहून कितीतरी जास्त असायचे, पण टेबलाला मर्यादा आहे.

रेचा समजून घ्यायला आठवडा गेला. आधी मला वाटायचं की दातेरी चाकं कापूस फाडत असतील. तसं नाही. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला एक रोलर फिरतो. त्याला चिकटून एक स्थिर पातं. रुईचे तंतू खरबरीत चामड्याला धरतात आणि पात्याखालून ओढले जातात. सरकी जाडी, ती अडकते. दुसरं हलतं पातं तिला खालून-वरून टोला देतं. रुई पुढे पडते, सरकी जाळीतून खाली. मॅकार्थी या अमेरिकनाची ही युक्ती, आणि तिच्यावर बांधलेले इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीचे रेचे सगळ्या कापूसपट्ट्यात पसरले. सगळे रेचे एकाच लांब शाफ्टवर, प्रत्येकाला चामडी पट्टा. पट्टा उघडा. पदर, वेणी, बोटं सगळं त्याच्याजवळून जाणार.

रोलर झिजला की त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या, त्याची चामड्याची भुकटी उडायची. वर रुईची पिंज. खिडक्या उघडाव्यात तर रुई उडते, म्हणून बंद. हे सगळं पत्र्याखाली.

रेचे मी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या स्पोकमधून केले. बारावा रेचा वाकडा झाला आहे. ठेवला तसाच.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. बाई ३२ मिलिमीटरची. ती उभी की बसलेली? तोंड कुठे? कापूस तिच्यापर्यंत कोण आणतं? यंत्राचे नकाशे मिळाले, पातं किती इंचांचं तेही मिळालं. बाई नकाशात नाही.

२१ जुलै

फायरमनकाकांच्या ओळखीने एका आजींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, कोपऱ्यात नातवाचा कॉम्प्युटर. लग्न होऊन आल्या तेव्हापासून तीसेक वर्षं जिनात. त्यांची आईही जिनातच.

पहिलाच प्रश्न मी मूर्खासारखा विचारला : किती वाजता जायचात?

"घड्याय कोनाच्या घरी होतं रे बाबू? पयला भोंगा उठाचा, दुसरा निंगाचा, तिसऱ्याले फाटक बंद. तिसरा चुकला का आर्धा रोज गेला."

भोंगा जिनाचा, पण सगळं गाव त्यावर चालायचं. शाळा, दळण, स्टेशनवरचे हमालसुद्धा. गाडीचा भरवसा नव्हता, भोंग्याचा होता.

मग बाकीचं निघालं. आमच्या जिनात असं होतं, हे त्या प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, दुसऱ्या जिनाबद्दल शब्द नाही. रेच्यांच्या मागे हातभर उंच ओटा. त्यावर कापसाचा ढीग. एक पाय दुमडून, एक सोडून बाई बसायची आणि दोन्ही हातांनी कापूस फणीसारखा मोकळा करत रेच्यात सोडायची. गोळा गेला तर रेचा अडतो. अडला की मुकादम ओरडतो. ओला कापूस आला की हमखास अडतो, ओरडा मात्र बाईलाच. टोपल्या आणून ओतणाऱ्या पोरी वेगळ्या. सरकी ओढणाऱ्या वेगळ्या. रुई प्रेसकडे नेणारे गडी. प्रेसच्या पेटीत उतरून रुई तुडवणारेही गडीच, त्यांचा रोज जास्त.

लहान मूल असलं तर? "कापसावर निजवो. त्याहून मऊ गादी त जिनवाल्याच्या घरी बी नोती." हसल्या. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. त्यांच्या आईच्या वेळी अफू घातलेली बाळगोळी द्यायचे म्हणे, पोरगं भोंगा होईपर्यंत उठत नसे. आपण कोणाला दिली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गाडी दिसायची का तिथून?

"आयकू ये. पाठ तिकडं होती न."

तीस वर्षं कुंपणाला लागून काम, आणि गाडीत बसल्या त्या मोजून चार वेळा. बाईचं तोंड कुठे, या माझ्या प्रश्नाचं उत्तर न विचारताच मिळालं.

कागद काही आहे का, हेही विचारलं. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी. नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की वही गेली. पुढच्या दिवाळीला नवी वही, त्यात नाव असेल तर असेल.

४ ऑगस्ट

पाऊस, वीज नाही, काम बंद. कायदे वाचले.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर आणि त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्यांना त्यातून सूट. जिन कधी चालतं? कापूस येतो तेव्हा. सूट कोणासाठी शिवली होती ते उघड आहे. १८८० च्या दशकातच मुंबई इलाख्यातल्या चौकशीत खानदेशच्या जिनांबद्दल साक्षी झाल्या : पहाटेपासून रात्रीपर्यंत बायका रेच्यावर, गर्दी असली तर दिवस-रात्र. १८९१ ला बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. हंगामी कारखाने मात्र नीटपणे कायद्यात आले ते १९११ ला. तीस वर्षं! १९३४ च्या कायद्यानेही दोन पंगती ठेवल्या : बारमाही कारखान्यात दिवसाला १० तास, आठवड्याला ५४; हंगामी कारखान्यात पुरुषांना दिवसाला ११, आणि आठवड्याला ६० बायकांनाही. जणू हंगामी बाईचं शरीर वेगळ्या मातीचं.

त्यात वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा. म्हणून कायदे इथे वेगळ्या हुकुमाने लागू व्हायचे.

काकांची लोखंडी पेटी आणि मुकादमाची वही यांत कुंपणाचं अंतर होतं, टेबलावर ते नऊ सेंटिमीटर आहे. आता ते कुंपण मी पुन्हा करतोय. आधी काटेरी तार ओढली होती, ती फार विरळ दिसते.

१८ ऑगस्ट

कापूस फसला. खरा कापूस टाकला तर ढग उतरल्यासारखं दिसतं. कारण साधं आहे : २२ मिलिमीटरचा तंतू १:४८ मध्ये मीटरभर लांब होतो. बाईच्या हातात दोरखंड! लाकडाचा भुसा रंगवून पाहिला, तो तांदळासारखा दिसला. शेवटी जुन्या गादीतली मेलेली रुई कात्रीने पार बारीक कातरून चहाच्या गाळणीतून चाळली. जमलं. घरच्यांनी विचारलं, गादी कुठे गेली.

आता खोलीत सगळीकडे पिंज आहे. माझ्या चष्म्यावर, चहात. दोन तासांत शिंका सुरू झाल्या. बाहेर जाऊन उभा राहिलो. मला बाहेर जाता आलं.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. बाजारात लाकडी बैलच बैल, आणि मला बैल हवेतच. सगळ्यात लहान बैलही टेबलावर हत्ती दिसतो. शेवटी मातीचे स्वतःच वळले. चार बंड्या (बैलगाड्या) झाल्या. कापसाच्या बंड्या बाजाराच्या दिवशी रात्रीच रांगेत लागायच्या. कारंजाला १८८६ सालीच नियमाखाली चालणारा कापूस बाजार झाला होता, देशातला पहिला. पुढे १८९७ ला वऱ्हाडापुरता बाजाराचा कायदाही आला. म्हणजे कापसाचं वजन नीट व्हावं यासाठी कायदा लवकर सुचला. रेच्यावालीचे तास मोजायला त्याच सरकारला आणखी वर्षं लागली. हे कुठे पाटीवर लिहावं का? नको. पाट्या कोणी वाचत नाही.

सीतादही (वेचणीआधी शेतात होणारी पूजा) होऊन वेचणी सुरू झाल्यावरचे दिवस दाखवायचे आहेत, तेव्हा कडुलिंबाखाली पानगळ नको. भाच्याने आधीच टाकलेली पानं काढायला लावली.

२२ सप्टेंबर

गाठी. १६० गाठी केल्या. खऱ्या गाठी साधारण चार फूट लांब, दीड फूट रुंद, म्हणजे २५ बाय १० मिलिमीटरचे लाकडी तुकडे. बारदान म्हणून पट्टीचं जुनं कापड, लोखंडी पट्ट्या म्हणून काळा दोरा. पहिल्या दहा गाठींना हौस होती. नंतर हात आपोआप चालतात आणि डोकं भलतीकडेच असतं. त्या अर्थाने थोडं शिक्षण झालं.

मूर्तिजापूरची गोष्ट टेबलावर बसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. ही लाइन नॅरोगेज, मुंबईची लाइन ब्रॉडगेज. म्हणजे जिनात प्रेस करून, मोजून, वॅगनमध्ये रचलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला पुन्हा बाहेर काढायची आणि मोठ्या वॅगनमध्ये चढवायची. यंत्राने नाही, हातातल्या लोखंडी आकड्याने आणि पाठीवर. लहान लाइन स्वस्तात पडते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. रूळ हलके, पूल छोटे, वळणं घट्ट घेता येतात, खरं आहे. वाचलेले पैसे रोज थोडे थोडे हमालाच्या मणक्यातून वसूल व्हायचे हे त्या हिशेबात येत नाही. गाठ प्रेसमध्ये जितकी घट्ट, तितकं वॅगनचं भाडं कमी आणि तितकीच ती उचलायला वाईट. पकडायला कुठे मऊ जागाच नसते. फायरमनकाका म्हणाले, हमालाचा आकडा त्याच्या घरी देवाजवळ असायचा. दसऱ्याला त्याचीही पूजा.

तिथून पुढे मुंबई, आणि त्या काळी काही मँचेस्टरकडेही. तिकडून इंजिन इकडे आलं, इकडून गाठी तिकडे. भाच्याला ही जोडी फार आवडली. मला ती जरा जास्तच गुळगुळीत वाटते.

१३ ऑक्टोबर

भाच्याने इंजिन आणलं. देखणं झालं आहे. त्याने पुन्हा साल विचारलं, कारण डब्यांचा रंग ठरवायचाय. मी टाळत होतो ते खरं. "जुना काळ" म्हटलं की सगळंच बसतं : वाफेचं इंजिन, बाळगोळी, आजींचं तिशीतलं वय, आणि बल्बसुद्धा. प्रत्यक्षात यांत चाळीस वर्षांची दरी आहे. शेवटी १९३० म्हटलं. बल्ब काढले, कंदील लावले. जिनाला वाफेचं इंजिन आणि धुराडं. हे धुराडं स्टेशनपेक्षा तिप्पट उंच झालं, आता फोटोत तेच दिसतं. असू दे, गावातही तेच दिसायचं.

आजींना दाखवायला आणायचं होतं. त्या दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्यात, आठवड्याने येतील.

२७ ऑक्टोबर

आजी आल्या. नातू हात धरून जिना चढवत होता, त्यांना ते आवडत नव्हतं. वर आल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग छप्पर उचलायला सांगितलं.

एका बाईवर बोट ठेवलं. "हे उभी काहाले केली?" ती बसतच नव्हती, मातीचा पाय तुटला होता, म्हणून उभी केली होती मी. तसं सांगितलं. "मंग तिले ओट्यावरून काढ, टोपली दे हातात." काढली, दिली.

मूल कापसाच्या ढिगावर ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतः दोन बोटांत उचलून शाफ्टपासून लांब, भिंतीकडे ठेवलं. मुकादम फार जवळ उभा आहे म्हणाल्या, तो दारात असायचा, तिथे वारा येतो. स्टेशनकडे त्यांनी पाहिलंच नाही. भाच्याने गाडी चालवून दाखवली तेव्हा "हो, हो" म्हणाल्या.

मग दाराजवळच्या माठाकडे बघून विचारलं, "येक?"

मी म्हटलं, हो. कोपऱ्यात दुसराही ठेवायचा होता का, जिनात गर्दी तर होती.

"गर्दीचं नाई. माह्या मायच्या वक्ती दोन होते. येक आमचा, येक त्याईचा. आमचा उनात ठेवत." थोडं थांबून, "मी लागली तवा येकच झाला होता. कोनं बोललं नाई त्यावर. झाला. तू कोन्या सालचं करून रायला?"

मी १९३० म्हटलं.

"मंग दोन कर."

भाचा डब्यांना तपकिरी रंग देऊन बसला आहे, तो आता साल बदलू देणार नाही. दुसरा माठ सात मिलिमीटरचा, आज रात्री वळून ठेवतो. ऊन कोणत्या बाजूने यायचं, हे विचारायचं राहिलं. दार पूर्वेला आहे की पश्चिमेला, ते मी टेबलावर कधी ठरवलंच नव्हतं. उद्या सकाळी आजींकडे जाऊन येतो.